हरला तो घरी

आमच्या क्रिकेट संघटनेच्या चषकाला कागदावर लांबलचक नाव होतं, आणि पैसे देणारा बदलला की ते नावही बदलायचं. आधी सिगारेटवाल्यांचं, मग विमावाल्यांचं, मग रंगवाल्यांचं आणि शेवटी गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीचं. लोक मात्र पहिल्या वर्षापासून त्याला 'हरला तो घरी' एवढंच म्हणत. एकच सामना, एकच दिवस. हरलात की सामान बांधा.

यंदा तो चषक कायमचा बंद करायचं ठरलं. रात्रीच्या झगमगीत लीगपुढे दिवसभराचा सामना बघायला कोणी येईना. गादीवाल्यांनीही हात वर केले. पण बंद करायचा तर इतमामाने करावा, म्हणून शेवटच्या अंतिम सामन्याच्या दिवशी स्पर्धेचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा, आणि तो मी लिहायचा, असं संघटनेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं. अध्यक्ष म्हणजे माझे वडील. मला कोणी विचारलं नव्हतं.

तशी मी रिकामीच होते. मी वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर अर्धं आयुष्य काढलं होतं. ते पान आधी अर्धं झालं, मग पाव झालं, आणि एका सोमवारी त्या जागी शब्दकोडं आलं. तेव्हा मी राजीनामा दिला. लग्न केलं नव्हतं, आईवडिलांकडेच राहत होते. त्यामुळे अध्यक्षांचा हुकूम मला जेवणाच्या टेबलावरच मिळाला.

"पुस्तक जाड हवं, फोटो भरपूर हवेत, आणि उणीदुणी नकोत," बाबा म्हणाले.

बाबांना सगळं शहर अजूनही 'कप्तान' म्हणत असे. दूधवाला म्हणे, डॉक्टर म्हणे, आणि खरं सांगायचं तर आईसुद्धा म्हणे, फक्त तिच्या तोंडी ते जरा वेगळं वाजायचं.

मी कामाला लागले. संघटनेच्या कार्यालयात एका खोलीत काचेची कपाटं होती. त्यांत जुन्या संघांचे फोटो होते, आणि प्रत्येक फोटोत मधे कप्तान आणि बाजूला हात बांधून उभी राहिलेली माणसं. सगळी एकमेकांचे सख्खे भाऊ असल्यासारखी हसत होती. मग मी त्यांना एकेक करून भेटायला लागले, आणि लक्षात आलं की त्यांतली निम्मी एकमेकांना पाण्यात पाहतात.

पहिल्या वर्षी साठ षटकांचा सामना होता. पांढरे कपडे, लाल चेंडू आणि मधे जेवण. पहिल्याच अंतिम सामन्यात हरलेल्या संघाने हस्तांदोलन करायला नकार दिला, कारण पंच जिंकलेल्या कप्तानाचे साडू होते. मी चौकशी केली. ते खरोखरच साडू होते. फक्त दोन्ही साडूंचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे पक्षपात झाला असेलच तर तो उलट्या दिशेने झाला असणार. पुढे बंदरावरच्या हमालांच्या संघाने राजधानीच्या नावाजलेल्या संघाला धूळ चारली, तर हरलेल्यांनी तक्रार केली की खेळपट्टी नांगरलेली होती. षटकं पन्नासवर आली तेव्हा एका जुन्या फलंदाजाने क्रिकेटचा गळा आवळला म्हणून राजीनामा दिला, आणि तो कोणाच्या लक्षातच आला नाही म्हणून आणखी चिडला. रंगवाल्यांच्या काळात संघांना रंगीत कपडे मिळाले. एका संघाच्या वाट्याला आला फिका गुलाबी. ते भर उन्हात वरून पांढरे स्वेटर घालून खेळले, दोघांना भोवळ आली आणि सामना हरले. त्यांचा गोलंदाज आज सत्तरीचा आहे. गुलाबी रंगाचं नाव काढताच त्याने मला दार दाखवलं.

मी वर्तमानपत्रात असताना साखळी स्पर्धा पुष्कळ पाहिल्या. तिथे आज हरलं तर परवा उट्टं काढता येतं. इथे परवा नव्हताच. एका सुटलेल्या झेलावर माणूस वर्षभर अडकून पडायचा, आणि पुढच्या वर्षी संघात जागा मिळाली नाही तर जन्मभर. म्हणून ही माणसं अशी आंबलेली होती. मी ऐकत गेले, लिहीत गेले, आणि उणीदुणी गाळत गेले. गाळून उरायचं ते फारच थोडं.

असं करत मी त्या वर्षापर्यंत आले, ज्या वर्षी उपांत्य सामना मैदानात झालाच नाही.

ती गोष्ट शहरात सगळ्यांना तोंडपाठ होती. आमचा संघ बाबांच्या हाताखाली पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला होता. पाऊस लागला. राखीव दिवशीही थांबेना. मैदानाचं तळं झालं. नियमाप्रमाणे निकाल मग मैदानामागच्या सरावाच्या शेडमध्ये लावायचा होता. तीन यष्ट्या रोवायच्या, समोर फलंदाज नाही, आणि दोन्ही संघांच्या पाच-पाच जणांनी दोन-दोन चेंडू टाकायचे. ज्यांचे जास्त लागतील ते अंतिम फेरीत, आणि बरोबरी झाली तर ज्यांचा चेंडू आधी लागला ते. शेवटी अशी वेळ आली की आमच्या पाचव्या माणसाचा दोनांतला एक चेंडू लागला की आम्ही जिंकलो. तो पाचवा माणूस होता यष्टीरक्षक, ज्याने जन्मात कधी गोलंदाजी केली नव्हती. त्याचे दोन्ही चेंडू चुकले. आम्ही घरी आलो.

तो यष्टीरक्षक म्हणजे माझा मामा, आईचा थोरला भाऊ. मी तेव्हा आईच्या पोटात होते.

मामाला त्याआधी लोक 'भिंत' म्हणत. त्याच्या बाजूने चेंडू पुढे जात नसे. त्या दिवसानंतर 'भिंतीला भोक पडलं' अशी म्हण झाली. शाळेत एखाद्याकडून काही पडलं की पोरं तेच ओरडायची. ते माझ्या मामाबद्दल आहे हे मला फार उशिरा कळलं, कारण आमच्या घरात मामा हा शब्दच नव्हता. तो पुन्हा संघात आला नाही. खेळाच्या जोरावर मिळालेली नोकरीही राहिली नाही. भाजीबाजाराच्या मागे त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. मी वीस वेळा त्या गल्लीवरून गेले असेन, आत कधी गेले नव्हते.

बाबांचं त्यावरचं म्हणणं त्या वेळच्या सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, आणि मी विचारलं तेव्हा त्यांनी ते शब्दही न बदलता पुन्हा सांगितलं. पाचवं नाव त्यांचं स्वतःचं होतं. ऐन वेळी खांदा धरला. मेहुण्याने हट्ट धरला, की मी टाकतो, मला द्या. घरचा माणूस, त्याला चारचौघांत नाही कसं म्हणायचं?

"एवढंच लिही," ते म्हणाले. "त्याचं नावही घालू नकोस. यष्टीरक्षक म्हण. उगाच म्हाताऱ्याला त्रास नको."

हा कळवळा मला नवा होता. मी म्हटलं, ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला एकदा विचारायला हवं, मी सगळ्यांनाच विचारते आहे. बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दुकानाची पायरी चढायची असेल तर पुस्तक दुसऱ्या कोणाला देतो, असं त्यांनी सांगितलं. आई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरी चढले.

दुकान अरुंद आणि खोल होतं. पुढे काउंटर, मागे बॅटींची रांग. जवसाच्या तेलाचा वास भरलेला. मामा स्टुलावर बसून एक नवीन बॅट मांडीवर आडवी घेऊन लाकडी हातोडीने तिचं पातं ठोकत होता. नव्या बॅटीला असं ठोकून घट्ट केलं नाही तर पहिल्याच सामन्यात चिरते. माणूस उंच, वाकलेला, आणि बोटं मोडून मोडून पुन्हा जुळलेली. यष्टीरक्षकांची असतात तशी.

मी नाव सांगायच्या आधीच तो म्हणाला, "कप्तानाची ना तू? नाक त्याचंच आहे. काय हवंय?"

मी पुस्तकाचं सांगितलं. तो ठोकत राहिला. मी त्या उपांत्य सामन्याचं विचारलं. तो ठोकत राहिला. मी म्हटलं, तुमची बाजू कोणी कधी छापली नाही, मला ती हवी आहे. तेव्हा हातोडी थांबली.

"माझी बाजू," तो म्हणाला. "तू छापणार. तुझा बाप वाचणार, आणि मग ती छापून येणार. मला खुळा समजतेस?"

मग त्याने मला भरपूर ऐकवलं. त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. कप्तानाच्या घरात शिजणारी इतिहासाची खिचडी मला नको, असं म्हणाला. एवढी वर्षं भाची म्हणून कधी दारात आली नाहीस, आणि आता वार्ताहर होऊन आलीस, असंही म्हणाला. मी वही मिटली आणि निघाले. पायरीवर पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"तुझ्या आईला विचार. ती दारात उभी होती."

आई त्या शेडमध्ये होती, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

घरी आल्यावर मी तिला विचारलं. ती उशांचे अभ्रे बदलत होती. आधी म्हणाली, मला काही आठवत नाही. मग म्हणाली, गर्दी होती, दिसत नव्हतं. मग म्हणाली की तुला नसती उठाठेव कोणी सांगितली. तीन प्रश्नांना तीन वेगळी उत्तरं. खेळाच्या पानावर असताना मी अशी उत्तरं निवड समितीच्या लोकांकडून ऐकली होती. मी म्हटलं, मामाने तुलाच विचारायला सांगितलंय. तिने हातातली उशी खाली ठेवली आणि एकच विचारलं.

"तो कसा दिसतो आता?"

मी सांगितलं. तिने उशी पुन्हा उचलली आणि अभ्रा चढवला.

ती बोलली दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवताना. बाबा नेहमीसारखे पुस्तकाची चौकशी करत होते. उपांत्य सामन्याचं पान झालं का, असं त्यांनी विचारलं. मी काही म्हणायच्या आत आई म्हणाली, "तिला खरं लिहू द्या."

तिचा आवाज मीठ वाढताना असतो तसाच होता. बाबांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. ते म्हणाले, काय?

"पंचांनी तुमचं नाव पुकारलं," आई म्हणाली. "तुम्ही पुढे झालात. चेंडू घेतलात, पँटला पुसलात, परत पुसलात. यष्ट्यांकडे बघितलंत आणि तुमचा चेहरा पांढरा पडला. मग मागे वळून दादाकडे गेलात. तो हातमोजे काढून भिंतीशी बसला होता. तुम्ही त्याच्या हातात चेंडू कोंबलात आणि म्हणालात, तू टाक, माझ्याने होत नाही. तो नाही नाही म्हणत होता. तुम्ही म्हणालात, तुझ्या बहिणीची शपथ आहे. मी हाताच्या अंतरावर होते."

बाबांचा घास हातातच राहिला. "माझा खांदा धरला होता," ते म्हणाले.

"खांदा दुखायचा तुमचा. रोजच दुखायचा. रोज तेल मीच लावत होते. त्या सकाळी शेडमध्ये तुम्ही त्याच खांद्याने तासभर गोलंदाजी केलीत."

मी माझ्या वडिलांना कोणाशी भांडताना कमी पाहिलेलं नाही. बैठकीत ते टेबलावर हात आपटत, पंचांना फोनवर झापत. त्या दुपारी मात्र त्यांचा आवाज चढला नाही. त्याचीच मला भीती वाटली. ते ताट सरकवून म्हणाले, "इतकी वर्षं माझं अन्न खाऊन शेवटी भावाचीच झालीस."

"अन्न मी शिजवलं," आई म्हणाली. "आणि भावाची झाले असते तर तेव्हाच बोलले असते."

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. बाबा स्वतः अंडी उकडत आणि पाव भाजत. पाव करपला की खिडकी उघडत, पण आईला हाक मारत नसत. एकमेकांना काही सांगायचं असलं तर माझ्यामार्फत सांगत. मी पंच झाले होते, आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या पंचालाच पडतात.

आईने मात्र एकदा तोंड उघडल्यावर ते मिटलं नाही. तिने मला सांगितलं की त्या रात्री बाबांनी पत्रकारांना मेहुण्याच्या हट्टाची गोष्ट सांगितली ती तिच्यासमोरच. तिला वाटलं, दोन दिवसांत विझेल. विझली नाही. मामाच्या दारावर लोकांनी शेण फासलं तेव्हा तिला जायचं होतं. बाबा म्हणाले, गेलीस तर परत येऊ नकोस. ती पोटुशी होती. गेली नाही. मामाने कधीच तोंड उघडून बाबांना खोटं पाडलं नाही, कारण बहीण त्या घरात नांदत होती. बहिणीने तोंड उघडलं नाही, कारण मूल त्या घरात वाढायचं होतं. ते मूल म्हणजे मी. हे ऐकून मला कोणाचा राग आला ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

आठवड्याने आई म्हणाली, चल. ती चांगली साडी नेसली, मग बदलून रोजची नेसली. आम्ही दोघी भाजीबाजारामागच्या गल्लीत गेलो.

मामा बॅटीच्या मुठीवर दोरा गुंडाळत होता. दोऱ्याचं एक टोक दातांत धरलेलं. आईला पाहून त्याने ते सोडलं नाही. ती काउंटरपाशी उभी राहिली. म्हणाली, दादा. त्याने शेवटचा वेढा घातला, गाठ मारली, दोरा तोडला, आणि मग म्हणाला, "दुकान उघडं आहे. काय हवंय?"

आईने सांगितलं की तिने घरात सगळं बोलून टाकलं, आणि आता पुस्तकातही येईल. तिला वाटलं असावं की हे ऐकून काहीतरी सैल होईल. मलाही वाटलं होतं.

मामा उठून उभा राहिला. त्या बुटक्या छताखाली तो फारच उंच वाटला.

"मी त्याच्यावर कधीच रागावलो नाही," तो म्हणाला. "तो घाबरला. घाबरतो माणूस. त्या यष्ट्यांसमोर मीही घाबरलो. पण तू तिथे होतीस. तू ऐकलं होतंस. मी रोज वाट बघायचो, की ही येईल. जगाला नको सांगू, मला येऊन एवढंच सांग, की दादा, मी ऐकलंय. तेवढ्यावर मी जन्म काढला असता. बाजारात दिसायचीस तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडे जायचीस. आणि आता आलीस. आई गेली तेव्हा आली नाहीस, आणि आता पुस्तक निघतंय म्हणून आलीस."

आई म्हणाली, मला त्यांनी येऊ दिलं नाही. तो म्हणाला, तुला पाय होते. आई म्हणाली, माझ्या पदरात पोर होतं. तो म्हणाला, त्या पोराला मामा होता. असं ते दोघं एकमेकांना देत राहिले, आवाज चढत गेले, गल्लीतले लोक डोकावू लागले. एक माणूस मुलाला चेंडू घ्यायला आला होता, तो तसाच परत फिरला. शेवटी मामाने शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाला, जा. आई वाकून त्या शटरखालून बाहेर पडली. रस्त्यावर येऊन ती मला म्हणाली, "बरोबर बोलतोय तो."

मी ते पान लिहिलं. विशेषण एकही घातलं नाही. कोणी चेंडू घेतला, कोणी दिला, काय म्हणाला, कोण साक्षीला होतं. एवढंच. मग मी ते कार्यकारिणीपुढे ठेवलं.

बैठक संघटनेच्या त्याच काचेच्या कपाटांच्या खोलीत झाली. बाबा अध्यक्षांच्या खुर्चीत. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, की एका पानात निराधार मजकूर आहे, तो काढून टाकला जाईल, आणि गरज पडल्यास लेखिकाही बदलली जाईल. मी म्हटलं, बदला. एका वाक्याला हात लावला तर माझं नाव पुस्तकावर घालू नका.

तेव्हा उपाध्यक्ष बोलले. हे गृहस्थ जुने सलामीचे फलंदाज. बाबांनी त्यांना एका अंतिम सामन्यातून वगळलं होतं, तेव्हापासून त्यांनी डूख धरला होता. बाबा पूर्व म्हणाले की ते पश्चिम म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, मजकूर निराधार कसा? साक्षीदार खुद्द अध्यक्षांच्या पत्नी आहेत. आपल्या वहिनी खोटं बोलतात, असा ठराव मांडायचा आहे का? मांडायचा असेल तर मांडा, मी विरोधात मत देईन.

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कधी विसरणार नाही. मामाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. भिंतीला भोक पडलं हा विनोद त्यांनीच पहिल्यांदा केला होता असं म्हणतात. पण पान राहिलं ते त्यांच्यामुळे. माझं खरं त्यांच्या खुन्नशीच्या खांद्यावर बसून छापखान्यात गेलं, आणि बाहेर पडताना त्यांनी माझी पाठ थोपटली तेव्हा मला ती जागा साबणाने धुवावीशी वाटली.

शेवटचा अंतिम सामना अर्ध्या रिकाम्या मैदानात झाला. कोण जिंकलं ते आता कोणाला आठवत नाही, मला पुस्तकात बघावं लागेल, आणि पुस्तक त्याआधी छापलेलं असल्याने त्यातही नाही. बाबांनी चषक दिला. भाषणात त्यांनी पुस्तकाचा उल्लेख केला नाही. प्रती मंडपात एका टेबलावर मांडल्या होत्या. लोक घेत होते आणि उभ्याउभ्याच ते एक पान शोधत होते. बाबा मंचावरून ते बघत होते. कोणी त्यांना काही म्हणालं नाही, फक्त निघताना पूर्वीसारखं कोणी गाडीपर्यंत सोडायला गेलं नाही. ते एकटेच चालत गेले. मला वाटलं होतं की हे बघून बरं वाटेल. वाटलं नाही.

त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. आत आले नाहीत. म्हणाले, "शेड पाहिली आहेस तू? लहान दिसते. त्या दिवशी त्या तीन काठ्या मला दिसतच नव्हत्या. मागची भिंत तेवढी दिसत होती." मी थांबले, की पुढे काही म्हणतील. मामाचं, आईचं. त्यांनी माझ्या टेबलावरचं पुस्तक उचललं, उघडलं नाही, परत ठेवलं. "छपाई बरी झाली आहे," म्हणाले आणि गेले. त्याच महिन्यात त्यांनी अध्यक्षपद सोडलं. खुर्चीत उपाध्यक्ष बसले. पाव अजून ते स्वतःच भाजतात, पण आता दोन तुकडे जास्त भाजून टेबलावर ठेवतात. आई ते खाते की नाही, ते मी बघत नाही.

मामाकडे मी पुस्तक स्वतः घेऊन गेले. त्याने पान शोधलं नाही, पहिल्यापासून वाचायला घेतलं. मी निघाले तेव्हा तो साडूंपर्यंत आला होता आणि साडूंना शिव्या घालत होता. पुढच्या वेळी एक गिऱ्हाईक काउंटरवर होतं, पोटाचा घेर असलेला सभ्य माणूस. तो म्हणत होता की आम्ही वाचलं, तुमच्यावर उगाच खापर फुटलं, तुमची काही चूक नव्हती.

मामाने त्याच्या हातातली बॅट काढून घेतली.

"चेंडू मी टाकला," तो म्हणाला. "पहिला वरून गेला, दुसरा बाजूने. त्याने दिला हे खरं. चुकलो मी. तेही खरं. तुम्हाला दया करायची असेल तर दुसरीकडे करा, इथे सामान विकतात." गिऱ्हाईक निघून गेलं. मामा बराच वेळ पुटपुटत होता. लोक आधी शिव्या द्यायचे, ते बरे होते, निदान बॅट घेऊन जायचे.

आई आत बसली होती. ती आता आठवड्यातून एकदा येते. पहिल्या दोन वेळा त्याने तिला हाकलली. तिसऱ्या वेळी ती हलली नाही. मागच्या बाजूला पेटीवर बसून राहिली, आणि तो तिच्याकडे पाठ करून काम करत राहिला. तेव्हापासून ती येते आणि दोघं भांडतात. त्यांच्या आईच्या आजारपणावरून, बाजारात न ओळखण्यावरून, लहानपणी कोणी कोणाची पाटी फोडली त्यावरून. मागचं सगळं उकरून काढतात. मी मधे पडत नाही. त्या दिवशी भांडण चांगलंच रंगलं होतं. तिचं म्हणणं होतं की तोही एकदा तरी तिच्या दारात येऊ शकला असता. तो म्हणाला, कप्तानाच्या दारात? ती म्हणाली, माझ्या. यावर तो हातमोज्याची शिवण उसवायला लागला.

निघताना आईने पिशवी उचलली. मामाने मान वर केली नाही.

"पुढच्या वेळी सकाळी ये," तो म्हणाला. "दुपारी मला झोप येते, मग भांडताना मुद्दे सुचत नाहीत."